कॅम्पर व्हॅनमधला गॅसचा फ्रिज उन्हात थंड होत नसेल तर: माझा अनुभव

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्मेरियाजवळच्या काबो दे गाता परिसरात, ऑगस्टच्या दुपारी आमचा गॅसवर चालणारा फ्रिज आतून कोमट राहू लागला; ज्योत मात्र निळी आणि स्थिर होती. थर्मोस्टॅट वाढवून, सिलिंडर बदलून आणि फ्रिज रिकामा करूनही फरक पडला नाही. दूध रोज नासत होते, त्याचा मनस्ताप फार झाला.

या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचे द्रावण उष्णतेने उकळून तो चालतो, म्हणून मागची उष्णता बाहेर पडली नाही तर थंडावा तयारच होत नाही. उपाय याच क्रमाने करावा. प्रथम चाकांखाली ठोकळे देऊन, फ्रिजच्या तळाशी पाणसळ ठेवून गाडी समतल करावी. मग गॅस बंद करून, फ्रिज निवल्यावर गाडीच्या बाहेरच्या बाजूला, फ्रिजमागे हवेसाठी असलेल्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही जाळ्या काढून धूळ झाडावी. वरच्या जाळीमागे, कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्यांखाली, हवा वर ढकलणारा १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवावा. तो बर्नरपासून दूरच असावा. खालची जाळी कधीही झाकू नये, कारण गळलेला गॅस तिथूनच बाहेर जातो. शेवटी फ्रिजची बाजू उत्तरेकडे येईल अशी गाडी उभी करून फ्रिज रात्रभर चालू ठेवावा. सकाळी आतला थर्मामीटर ६ अंश दाखवत होता.