प्रथिनाची घडी परत बसवताना डिटर्जंट: या चुका टाळा

प्रथिनाची साखळी ठरावीक आकारात दुमडली, म्हणजे तिची घडी बसली, तरच ते काम करतं. ई. कोलाय या जिवाणूत तयार केलेलं प्रथिन इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे घडी न बसलेल्या प्रथिनाच्या गोळ्यात, अडकलं, की ते ८ मोलर युरियात किंवा ६ मोलर ग्वानिडिनमध्ये उलगडून विरघळवतात. पुढे घडी बसावी म्हणून युरिया कमी करायला जावं, तर सगळं पांढरं होऊन तळाशी बसतं. डिटर्जंट ही चिकटाचिकटी रोखतो, पण तो प्रथिनावरून सुटला नाही तर घडी बसत नाही. बहुतेक प्रयोग इथेच फसतात.

१९९५ मध्ये रोझेमा आणि गेलमन यांनी यावर दोन टप्प्यांची पद्धत दिली: आधी सीटॅबसारखा डिटर्जंट, मग बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे कड्यासारखा, मधे पोकळ असलेला साखरेचा रेणू. त्याच्या पोकळीत डिटर्जंटची शेपटी जाऊन बसते आणि प्रथिन मोकळं होतं. मात्र सायक्लोडेक्स्ट्रिन डिटर्जंटपेक्षा मोलमध्ये भरपूर जास्त हवं. साधं बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन २५ अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम १८ ग्रॅम विरघळतं. जास्त लागणार असेल तर जास्त विरघळणारं मिथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घ्या.

दुसरा टप्पा वगळून ‘डिटर्जंट डायलिसिसने (बारीक छिद्रांच्या पिशवीतून लहान रेणू बाहेर जाऊ देऊन) निघेल’ म्हणणं ही सर्वांत महागडी चूक. ज्या प्रमाणापुढे डिटर्जंटचे रेणू मायसेल नावाचे पुंजके करतात, ती त्याची सीएमसी. ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटची सीएमसी ०.२ मिलिमोलरच्या आसपास, म्हणजे फारच कमी. त्याचे मोठे मायसेल पिशवीतच राहतात. २० ते २५ मिलिमोलर सीएमसीचा ऑक्टिल ग्लुकोसाइड सहज निघतो. ट्रायटनच हवा असेल तर तो शोषून घेणारे पॉलिस्टायरीनचे मणी वापरा.

ग्वाल्हेरच्या जानेवारीत सीटॅबची बाटली जरूर उजेडात धरून पाहा. तळाशी पांढऱ्या सुया दिसतील. वरचं निवळ द्रावण घेतलंत तर मात्रा कमी पडते. कोमट पाण्यात ठेवून, हलवून, पूर्ण विरघळल्यावरच घ्या. एसडीएस या डिटर्जंटचंही थंडीत तेच होतं, शिवाय पोटॅशियमच्या बफरमध्ये तो लगेच साका धरतो. मे महिन्यात उलटा त्रास: उकाड्यात ठेवलेल्या युरियाच्या द्रावणात सायनेट वाढून प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतं. युरियाचं द्रावण ताजंच करा, गरम करू नका.

द्रावण निवळ दिसलं म्हणजे घडी बसली असं नाही. प्रथिन जिथे मोजतात त्या २८० नॅनोमीटरला ट्रायटन स्वतःच प्रकाश शोषतो, प्रथिन मोजायच्या ब्रॅडफर्ड चाचणीचा रंगही डिटर्जंटमुळे फसवतो. एन्झाइमची क्रियाशीलताच मोजा, आणि तुलनेसाठी शेजारी डिटर्जंटविना एक व सायक्लोडेक्स्ट्रिनविना एक नळी ठेवाच. सरावाला रिड्यूस केलेलं (डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाचे जोड, तोडलेलं) लायसोझाइम हे एन्झाइम घेत असाल, तर त्याचे चार डायसल्फाइड बंध पुन्हा जुळायला बफरमध्ये ऑक्सिडाइज्ड आणि रिड्यूस्ड ग्लुटाथायोन दोन्ही घाला.