चाकूचा अडकलेला स्क्रू, आंब्याचा चीक आणि माझी एक चूक

जुलैत वेंगुर्ल्याला पाऊस धरला की आमच्या रोपवाटिकेत कोय कलमांची, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर आंब्याची काडी जोडायची, घाई सुरू होते. कोयीतून वर आलेल्या रोपाची पानं तांबूस असेपर्यंतच ते काम होतं. पानं हिरवी झाली की खोड निबर होतं आणि कलम धरत नाही. दोन वर्षांपूर्वी नेमक्या त्याच दिवसांत माझा घडीचा चाकू अडकला. अर्धा उघडायचा, मग हलेना. पात्याच्या बुडाशी असतो तो मुख्य स्क्रू, ज्यावर पातं फिरतं, तो सैल करून आत साफ करावं म्हटलं तर तोही जागचा हलेना.

पुढे सांगते ते फक्त स्क्रूच्या चाकूंसाठी आहे. बुडाशी नुसती गुळगुळीत टिकली दिसत असेल तर तो रिव्हेट आहे. व्हिक्टोरिनॉक्सचे नेहमीचे लाल चाकू तसेच असतात, ते खोलायच्या भानगडीत पडू नका. गरम पाण्यात साबण घालून पातं उघडझाप करत धुवा, वाळवा आणि तेलाचा थेंब सोडा. त्यात जेवढं होईल तेवढंच.

माझी चूक आधी सांगते. स्क्रूच्या डोक्यात सहा पाकळ्यांचा तारा होता, त्याला टॉर्क्स म्हणतात. दुकानदार ‘स्टार बिट’ म्हटलं की समजतो. घरात बिट नव्हता, पण दोन मिलीमीटरची ॲलन की होती आणि ती त्या ताऱ्यात बसलीसुद्धा. बसली म्हणून मी जोर केला. ताऱ्याच्या पाकळ्या झिजल्या आणि की आत गरगर फिरायला लागली. चाकूच्या मुख्य स्क्रूला बहुतेक टी-8 किंवा टी-10 आकाराचा टॉर्क्स बिट लागतो, मुठीच्या बारीक स्क्रूंना टी-6. दोन मिलीमीटरची ॲलन की टी-8 मध्ये शिरते, पण तिची धार पाकळ्यांना नीट भिडत नाही, नुसती टोकं घासतात.

मग चाकू भावजींकडे गेला. ते बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्यांच्या दारात इंजिनांची रांग लागते, तरी त्यांनी चाकू हातात घेऊन उजेडात धरला. म्हणाले, “वयनी, ह्यो स्क्रू घट्ट नाय, चिकाटलेलो आसा.” खरं तर सगळी दुरुस्ती या एका वाक्यात आली. अडकलेला स्क्रू घट्ट आवळलेला असतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे तीनपैकी काहीतरी असतं: वाळलेला चीक नि मळ, गंज, किंवा कारखान्यात आट्यांना लावलेला गोंद, म्हणजे थ्रेडलॉकर. तिन्हींचा उपाय वेगळा. जोर हा कशावरच नाही.

ओळखायचं कसं? पात्याच्या बुडाशी तपकिरी, वार्निशसारखा थर असेल तर तो चीक. आंब्याच्या काड्या कापताना तो रोज थोडा थोडा आत जातो. लालसर पूड किंवा ओघळ दिसला तर गंज. स्टेनलेस म्हणून निर्धास्त राहू नका, खारी हवा त्यालाही खड्डे पाडते. मूठ ॲल्युमिनियमची असेल तर स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारट ओल बसून पांढरी भुकटी जमते. आणि चाकू नवा, स्वच्छ असून स्क्रू हलत नसेल तर तो गोंदच.

कामाला लागण्याआधी पातं मिटा. मिटत नसेल तर धारेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोऱ्याने बांधा. मूठ शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरायची तर दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या घाला. मग सुईने ताऱ्यातली घाण कोरून काढा. हे कंटाळवाणं आहे, पण बिट तळापर्यंत बसला नाही तर तुमचंही माझ्यासारखंच होईल.

चिकासाठी कलमाचं हत्यार पुसायला आपण जे स्पिरिट वापरतो तेच चालतं. दोन्ही बाजूंनी थेंब थेंब सोडा, पातं हलेल तेवढं हलवा, पुसा, पुन्हा सोडा. माझा अर्धा चीक असाच निघाला. गंजासाठी आत शिरणारं पातळ तेल हवं. डब्ल्यूडी-40 सगळ्यांकडे असतं, ते लावून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा लावा. रॉकेल मिळालं तर तेही चालतं. खोबरेल मात्र नको. आमच्याकडे कशालाही खोबरेल, पण पौषातल्या पहाटे ते बाटलीत थिजतं तसं चाकूतही थिजतं आणि त्यावर धूळ बसते.

गोंदाला तेलाने काही होत नाही, त्याला उष्णता लागते. निळा थ्रेडलॉकर नुसत्या हत्याराने सुटायला हवा, थोडा तापवला की लवकर सुटतो. लाल असेल तर 250 अंशांच्या आसपास जावं लागतं. भावजींनी 60 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवलं आणि गरम असतानाच फिरवला. गॅसच्या ज्योतीवर चाकू कधीही धरू नका, पात्याचं पाणी उतरेल आणि मग त्याला धार टिकणार नाही. मूठ प्लास्टिकची असेल तर आयर्न टेकवतानाही जपून. आणि स्पिरिट, रॉकेल, डब्ल्यूडी-40 हे सगळं पेट घेतं, तेव्हा तापवण्याआधी चाकू कोरडा पुसा, पडवीत वारा लागू द्या. माझ्या चाकूत चीक होता आणि त्याच्या आत गोंदही होता, म्हणून दोन्ही करावं लागलं.

फिरवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब द्या, मग घड्याळाच्या काट्यांच्या उलट. आधी आवळल्याने गंजाची पकड तुटते. बिट वरून दाबून धरा आणि सावकाश फिरवा. स्क्रू फिरतोय पण बाहेर येत नाही असं झालं तर स्क्रू ज्यात बसतो ती आतली नळीही सोबत फिरतेय. मग पलीकडच्या बाजूलाही बिट लावा, दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. पलीकडे खाचच नसेल तर ती बाजू रबराच्या तुकड्यावर दाबून धरा.

झिजलेल्या ताऱ्यासाठी एक मोठा आकार, म्हणजे टी-8 च्या जागी टी-9, हातोडीने हलके ठोकून बसवतात. माझा तसाच निघाला. डोकं वर आलेलं असेल तर बारीक करवतीने त्यावर आडवी खाच पाडून साध्या स्क्रू ड्रायव्हरने काढता येतं. तेही जमलं नाही तर लेथवाल्याकडे जा, तो डोकं ड्रिल करून देईल. घरच्या ड्रिलने हे करू नका.

चाकू ताटात खोला, टेबलावर नको. काही चाकूंत वॉशरऐवजी बारीक छर्रे असतात, ते एकदा शेणाने सारवलेल्या खळ्यात पडले की संपलं. प्रत्येक भाग काढताना फोनवर फोटो घ्या. ब्रशने सगळं घासा, आट्यांतला जुना गोंद सुईने काढा, नीट वाळवा. वॉशरना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. आटे मात्र कोरडे ठेवा आणि काडीच्या टोकाने निळ्या थ्रेडलॉकरचा ठिपका लावा. तो आट्यांत भरतो म्हणून खारी ओलही आत जात नाही, आपल्या हवेत हा त्याचा जास्तीचा फायदा. लाल लावू नका, पुढच्या वेळी स्वतःलाच शिव्या द्याल.

आवळायचं किती, यावर माझं आणि भावजींचं जमत नाही. त्यांना पातं एका झटक्यात उघडलेलं आवडतं. मला थोडं जड चालतं, पण आडवं डुलायला नको, कारण पातं डुललं की काडीची पाचर सपाट निघत नाही, जोडात फट राहते आणि कलम सुकतं. आवळताना एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्साच फिरवा आणि दर वेळी पातं उघडून, चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा.

गोंद पुरता धरायला चोवीस तास लागतात, तोवर चाकू वापरू नका. मी त्या दिवशी सासूबाईंचा जुना रिव्हेटचा चाकू काढला आणि संध्याकाळपर्यंत त्यानेच काड्या छाटल्या.