पुट्टी मारायची की नाही, हे गिलाव्याआधी ठरवा

जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे घरांची कामं घेतो मी. फाल्गुन लागला की सगळ्यांची एकच घाई असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार, त्याआधी भिंती चकचकीत पाहिजेत. गिलावा अजून ओला असतो अन् मालक विचारतो, "मिस्तरी, पुट्टी कधी मारता?" पुट्टी म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करायला लावतात तो पातळ थर. हा प्रश्न वाळू टाकायच्या आधी विचारायचा असतो. गिलाव्यावर शेवटचा हात कसा फिरवायचा, ते त्याच्या उत्तरावर ठरतं.

पुट्टी येणार असेल तर गिलावा लाकडी रंध्याने, म्हणजे मुठीच्या सपाट फळीने, सपाट करून किंचित खरबरीत सोडायचा, म्हणजे पुट्टी धरते. येणार नसेल तर त्याच दिवशी, गिलावा ओलसर असतानाच, वरून नीरू, म्हणजे भिजवलेल्या चुन्याचा मऊ लगदा, घोटून घ्यायचं. काही कारागीर ओल्या गिलाव्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून गुरमाळ्याने गुळगुळीत करतात. तसं करू देऊ नका. महिनाभरात जाळीसारख्या बारीक भेगा पडतात, अन् वर पुट्टी मारली तर ती नीट धरत नाही.

आतल्या भिंतीला एकास सहा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) अन् 12 ते 15 मिमी जाडी पुरते. वाळू चाळलेली हवी, मातकट नको. स्लॅबच्या बीमला जिथे विटा भिडतात तिथे आधी जाळी ठोकून घ्या, नाहीतर तिथली आडवी भेग पुट्टीतूनही वर येते. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपला पाहिजे. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी ओतणारा कारागीर दिसला तर त्याला चहा द्या अन् ते घमेलं बाजूला करा.

मग पाणी मारणं. खरी गोची इथेच आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला जातो, अन् बऱ्याच गावांत नळाला पाणी रोज येत नाही. आधी टाकी भरून ठेवा, मगच गिलावा काढा. निदान सात दिवस, उन्हाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा भिंत भिजली पाहिजे. पश्चिमेची भिंत सकाळी करून घ्या. दुपारी ती भट्टीसारखी तापते. जमत असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा. पाणी कमी पडलेला गिलावा हाताने चोळला की पीठ सुटतं, अन् त्यावर लावलेली पुट्टी त्या पिठासकट उतरते.

पुट्टी लावण्याआधी गिलावा चार आठवडे वाळू द्या. मग थापीच्या दांड्याने भिंत ठोकत जा. पोकळ वाजेल तिथला गिलावा काढून पुन्हा करा. सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी लावून बघा. खाली 3 मिमीहून जास्त फट दिसली तर तो खड्डा गिलाव्यानेच भरायचा. पुट्टीचा एक हात दीड मिमीच्या वर जाऊ देऊ नका, दोन्ही हात मिळून तीन. वाकडी भिंत पुट्टीने सरळ करणारे भेटतात, पण ती जाड थरात तडकते.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल तर भिंत आधी हलकी ओली करा, खाली प्रायमर (रंग किंवा पुट्टी नीट धरावी म्हणून आधी लावायचा पातळ हात) नको. 40 किलोच्या पोत्याला 14-15 लिटर पाणी लागतं. पाण्यात पावडर टाकत ढवळा, दहा मिनिटं मुरू द्या, अन् दोन-तीन तासांत संपेल एवढंच भिजवा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. घासताना बॅटरी भिंतीला चिकटवून तिरका उजेड पाडा, सगळे ओरखडे दिसतात. नंतर प्रायमर, मग रंग. अॅक्रिलिक पुट्टीचं वेगळं, तिच्याखाली प्रायमर लागतो, अन् ओलीच्या भिंतीला ती अजिबात चालत नाही.

सगळ्या घराला पुट्टी लागतेच असं नाही. ज्या खोलीत भाव येईपर्यंत कापूस छताला टेकवून ठेवता, धान्याची पोती रचता, तिथे नीरू अन् चुना पुरे. पुट्टी घासली जाऊन खरवडते. बैठक अन् झोपायच्या खोलीत मात्र पैसे घाला. बाथरूमच्या पाठची भिंत ओलावत असेल तर आधी पाईप बघा. संशय असेल तर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून एक दिवस चिकटवा. आत थेंब जमले तर पुट्टी थांबवा. काळ्या मातीत पाया हलून पडलेली तिरपी भेग पुट्टीने झाकली तरी दरवर्षी उघडतेच, तिथे आधी पायाच बघायला हवा.

अन् जुनं धाब्याचं घर असेल, मातीच्या भिंतीचं, तर सिमेंटचा गिलावा नको अन् पुट्टीही नको. मातीला सिमेंट धरत नाही, आत ओल कोंडते, पापुद्रे सुटतात. तिथे मातीचाच गिलावा, वर चुना.