वारा पाहून पाठ फिरवा: शिडाची होडी शिकायची असेल तर

वारा पाहून पाठ फिरवणं हे आपण एखाद्याला टोमणा मारायला म्हणतो, पण शिडाच्या होडीत बसलात की पहिलं काम अक्षरशः तेच करायचं असतं. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला बसायचं, पाठ वाऱ्याकडे आणि तोंड शिडाकडे. मला हे एवढंसं कळायला चार क्लास लागले, कारण मी सगळा वेळ कुठली दोरी कशाची हे पाठ करत बसलो होतो, परीक्षेला बसल्यासारखा, आणि वारा कुठून येतोय हे विचारलं की चेहरा कोरा. चाळिशीत शिकायला गेलं की हे होतंच. लहान पोरं दोऱ्यांची नावं विचारत पण नाहीत, ती सरळ होडी हाकायला लागतात.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आधी वारा शिका, होडी नंतर. त्यासाठी समुद्राची पण गरज नाही. गच्चीवर जा, डोळे मिटा, चेहरा हळूहळू फिरवा, दोन्ही कानांत सारखाच आवाज यायला लागला की वारा बरोबर नाकासमोर आहे. पाण्यावर गेल्यावर हेच गालाने आणि मानेने ओळखायचं. शिवाय झेंडे बघा, कोळ्यांच्या बोटींवरच्या फडफडत्या पताका बघा, नांगरलेल्या बोटींची तोंडं बघा (पण प्रवाहाचा जोर असेल तर त्या वाऱ्याऐवजी प्रवाहाकडे तोंड करून असतात, तिथे फसायला होतं), पाण्यावरून गडद पट्टा सरकत येताना दिसला तर तो वाऱ्याचा झोत आहे, दहा-पंधरा सेकंदांत तुमच्यापर्यंत येणार.

मुंबईत शिकायचं असेल तर सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात विषयच नाही, कोळी सुद्धा नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर मग दर्यात जातात, आपण कोण. नवशिक्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. थंडीत सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, मग दहा-अकराच्या सुमाराला सगळं ठप्प, पाणी तेलासारखं, होडी जागची हलत नाही आणि ऊन डोक्यावर. मग जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून पश्चिमेचा-वायव्येचा खारा वारा सुरू होतो, तो दुपारभर वाढत जातो. पहिले काही क्लास दुपारी एकच्या आसपासचे घ्या, म्हणजे वारा वाढताना अनुभवता येतो. पाच ते दहा नॉट शिकायला मस्त (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर). पाण्यावर सगळीकडे पांढरे फेसाचे तुरे दिसायला लागले की वारा बाराच्या वर गेलाय असं धरा आणि एकटे जाऊ नका.

होडी कुठली? दोन पर्याय असतात. एक म्हणजे किलबोट, खाली जड किल असते, म्हणजे तळाला लावलेला वजनदार उभा पंखा, सहसा उलटत नाही, चार-पाच जण बसतात, गेटवेसमोर 24 फुटी जे-24 दिसतात त्या या प्रकारातल्या. दुसरी डिंगी, छोटी, हलकी, उलटणारी. पोरांसाठी ऑप्टिमिस्ट असते, जेमतेम 2.3 मीटरची, 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डिझाइन झालेली, पेटीसारखी दिसते पण जगभर पोरं त्यातच शिकतात. मोठ्यांसाठी लेझर, आता तिला आयएलसीए म्हणतात, 4.2 मीटर, एकच शीड, एकच माणूस. आपला विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन टोकियो ऑलिंपिकला याच होडीत होते. लोक सांगतील की आधी किलबोट कर, सेफ आहे. माझं मत उलटं आहे, जमत असेल तर डिंगीवरच शिका. किलबोटीत तुमची चूक होडी गिळून टाकते, तुम्हाला कळतच नाही काय चुकलं. डिंगी लगेच हिशोब चुकता करते, बसायची जागा चुकली की पाण्यात.

म्हणून पोहता यायला हवं. लाइफ जॅकेट असतंच, पण पाण्यात पडल्यावर श्वास न घाबरता घेता यायला हवा, तेवढं तरी. कपड्यांचं सांगायचं तर जीन्स नको, ओली झाली की दगड होते. जुना फुल बाह्यांचा टीशर्ट, पातळ ट्रॅकपँट, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट, टोपीला दोरी, चष्म्याला पण दोरी (माझा एक चष्मा कुलाब्याच्या पाण्यात खाली पडलाय, अजून आठवण येते). सनस्क्रीन मानेमागे आणि पायाच्या पावलांवर पण. आणि काहीही विकत घेऊ नका, पहिल्या महिन्यात ग्लोव्हजसुद्धा नाही.

आता होडी चालते कशी, कारण वारा मागून ढकलतो म्हणून चालते असं डोक्यात असेल तर पुढे सगळं अवघड जातं. वारा मागून असेल तेव्हा ते खरं आहे. पण आडव्या वाऱ्यात शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं, ते होडीला पुढे आणि बाजूला असं तिरकं ओढतं, आणि पाण्याखाली जी उभी फळी असते, डॅगरबोर्ड किंवा सेंटरबोर्ड, ती बाजूला सरकू देत नाही. मग उरतं काय, पुढे जाणं. फणसाची ओली आठळी चिमटीत दाबली की कशी पुढे सटकते, तसंच. फक्त थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही, दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांचा पट्टा बंद असतो. त्या पट्ट्यात नाक घुसलं की शीड नुसतं फडफडतं आणि होडी थांबते. वाऱ्याच्या दिशेलाच जायचं असेल तर नागमोडी जायचं, घाटातल्या रस्त्यासारखं, एकदा उजवीकडून एकदा डावीकडून.

हातात दोनच गोष्टी. एका हातात टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात मेनशीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायची दोरी. (शीट म्हणजे शीड नाही, दोरी. पहिल्या दिवशी सगळ्यांचा घोळ होतो.) टिलर उलटा चालतो, डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे. डावं-उजवं करत बसलात तर गोंधळ वाढेल, त्यापेक्षा हे लक्षात ठेवा की टिलर शिडाच्या बाजूला ढकलला की नाक वाऱ्याकडे वळतं, स्वतःकडे ओढला की वाऱ्यापासून लांब जातं. बास. घरी झाडूचा दांडा मांडीवर घेऊन मी याची प्रॅक्टिस केलीय, बायकोने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, असो.

शिडाचं गणित पतंगवाल्यांना पटकन कळतं, कारण सगळं ढील आणि खेच. दोरी सोडत जा, शिडाची पुढची कड, डोलकाठीजवळची, फडफडायला लागेल. आता ती फडफड थांबेपर्यंतच खेचा, त्याच्या पुढे नाही. नवशिका माणूस हमखास जास्त खेचतो, कारण ताणलेलं शीड बघून आपण काहीतरी करतोय असं वाटतं, आणि होडी मात्र वेग घेण्याऐवजी कलायला लागते. शंका आली की ढील द्या. घाबरलात तर ढील द्या. होडी फार कलली, पाणी आत यायला लागलं, काही सुचत नाहीये, दोरी सोडा, शीड मोकळं होईल आणि होडी आपोआप सरळ येईल. शिडाच्या होडीला हाच ब्रेक, वेगळा ब्रेक नाही.

वळणं दोन प्रकारची. नाक वाऱ्यातून पलीकडे नेलं तर टॅक, शेपूट नेलं तर जाइब. टॅक करताना आधी थोडा वेग घ्या, मोठ्याने सांगा (एकटे असाल तरी सांगा, सवय लागते), टिलर शिडाकडे सावकाश पण न थांबता ढकला, बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, डोक्यावरून जाताना वाका, पलीकडे जाऊन बसा, टिलर मधे आणा. अर्धवट वळून थांबलात तर होडी वाऱ्यात अडकते आणि मागे मागे जायला लागते, लाजायचं काही नाही, शीड एका बाजूला हाताने धरून ढकललं की नाक फिरतं. जाइबला मात्र जपून, वारा मागून असतो, शीड पूर्ण बाहेर असतं, आणि बूम एका क्षणात या टोकाचा त्या टोकाला येतो. न सांगता येतो. मला तिसऱ्या क्लासला कानामागे लागला, टेंगूळ आठवडाभर होतं, ऑफिसमध्ये दार लागलं म्हणून सांगितलं. तेव्हापासून वारा मागून असेल तर मी बूमकडे दर दोन मिनिटांनी बघतो, आणि जाइब करायच्या आधी दोरी थोडी आत घेऊन ठेवतो म्हणजे फटका कमी बसतो.

होडी उलटणं पहिल्याच दिवशी मुद्दाम करून घ्या, शिकवणाऱ्याला सांगा की उलटवून दाखवा. भीती तिथेच निम्मी जाते. उलटली की पहिला नियम, होडी सोडायची नाही, किनारा कितीही जवळ वाटला तरी. सोबत कोणी असेल तर हाक मारून खात्री करा. मेनशीट मोकळी आहे ना बघा, पोहत होडीच्या तळाच्या बाजूला जा, बाहेर आलेल्या डॅगरबोर्डला लटका, मग त्यावर चढून उभे राहा आणि होडीची कड धरून मागे रेला. ताकदीचं काम नाही, वजनाचं आहे. शीड पाण्यातून हळूहळू सुटतं आणि मग एकदम होडी उभी राहते. नाक वाऱ्याकडे असेल तर सोपं जातं, नाहीतर उभी राहिली की परत उलटते, दोन-तीनदा होणारच.

मुंबईच्या पाण्यात अजून एक गुरुजी आहे, भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत इथे साडेचार मीटरच्या वर भरती येते, म्हणजे हे सगळं पाणी सहा तासांत आत येतं आणि सहा तासांत बाहेर जातं. वारा पडला आणि ओहोटी असेल तर तुम्ही नुसते बसल्या बसल्या बाहेरच्या समुद्राकडे. ॲप आहेत, टाइड टेबल आहे, पण कोळ्यांचा हिशोब पाठ करून ठेवा, तिथीचा आकडा घ्या आणि पाऊण तासाने गुणा, आली भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा-अमावस्येला साधारण साडेअकरा-बारा. भिंतीवरचं कॅलेंडर बघून सेलिंगचा प्लॅन करता येतो. मला तरी हे फार भारी वाटतं.

ट्रॅफिकचं पण आहे. नियम म्हणतात की इंजिनवाल्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यायची, पण अरुंद चॅनलमध्ये मोठ्या जहाजाला अडवायचं नाही हा पण नियमच आहे, आणि न्हावा शेव्याला जाणारं कंटेनर जहाज तुम्हाला बघून वळू शकत नाही. मांडवा आणि घारापुरीच्या लाँचपासून पण लांब राहा, जाळ्यांच्या बोयांवरून (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांवरून) जाऊ नका.

शिकायचं कुठे, तर मुंबईत गेटवे आणि गिरगाव चौपाटीच्या बाजूला चौकशी करा. गेटवेजवळचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 चा, पण तिथे मेंबरशिपचा मामला आहे. गोव्यात दोना पावलाकडे सेलिंग चालतं. हैदराबादला हुसेनसागर आहे, चेन्नईत बंदराच्या पाण्यात शिकवतात. इंग्लंडमधल्या आपल्या लोकांना आरवायए या तिथल्या सेलिंग संघटनेचा डिंगी लेव्हल वन दोन दिवसांचा कोर्स आहे, अमेरिकेत एएसए या संघटनेचा 101, डोळे झाकून करा. क्लास निवडताना मी एकच बघतो, सोबत रेस्क्यू बोट असते का आणि तिच्यात माणूस असतो का. एका ठिकाणी बोट होती पण इंजिन बंद, तिथून परत फिरलो.

वय झालं वगैरे म्हणू नका. दिलीप दोंदे नेव्हीत डायव्हर होते, 2006 मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेला हो म्हणाले तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते, आणि 2009-10 मध्ये गोव्यात दिवाडीला बांधलेल्या म्हादेईमधून ती पूर्ण केली, असं करणारे ते पहिले भारतीय. आपल्याला तर फक्त समोरच्या बोयापर्यंत जाऊन यायचंय.

परत येताना शक्यतो वाऱ्याकडे तिरकं तोंड करून या, थोडं आधीच दोरी सोडा, होडी आपोआप मंदावते. वारा मागून घेऊन जेटीवर आलात तर थांबवता येत नाही. आल्यावर लगेच चहाला पळू नका, शीड आणि दोऱ्यांवर गोडं पाणी मारा, नाहीतर मीठ वाळून दोरी काथ्यासारखी होते आणि पुढच्या रविवारी तीच तळहात सोलते, शीड नीट घडी करा, प्रत्येक दोरीच्या टोकाला आठची गाठ आहे ना बघा, मग चहा.