ऑप्टिकल स्विचच्या पेटंटवर ‘हे सहज सुचण्याजोगे होते’ हा आक्षेप कसा मांडावा

अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम 103 नुसार, त्या विषयातल्या सर्वसाधारण कुशल माणसाला आधीच्या ज्ञानावरून जे सहज सुचले असते, त्यावर पेटंट टिकत नाही. ऑप्टिकल स्विच म्हणजे प्रकाशाचा किरण हव्या त्या काचतंतूकडे वळवणारे उपकरण. त्यातले ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी), भिंग आणि सूक्ष्म आरसे बहुधा जुनेच असतात. वाद त्यांच्या जुळणीचा असतो.

आधी मंच ठरवावा. पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळासमोरील पुनरावलोकनात केवळ जुनी पेटंटे आणि छापील प्रकाशने चालतात, पण तिथे पुराव्याचे पारडे किंचित झुकले तरी पुरते. न्यायालयात मात्र पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायक लागतो. उल्लंघनाच्या खटल्याचे कागद हाती पडल्यापासून 1 वर्षाच्या आत पुनरावलोकनाचा अर्ज दाखल करावा लागतो.

त्यानंतर पेटंटच्या दाव्यातली, म्हणजे ज्या रचनेवर हक्क सांगितला आहे तिच्या वर्णनातली, एकेक अट सुटी करून ती कोणत्या जुन्या दस्तऐवजात आहे, हे दाखवावे. हे काम कष्टाचे असले तरी सरळ आहे. खरी कसोटी पुढे लागते, कारण सगळे भाग आधीपासून होते एवढ्याने आक्षेप सिद्ध होत नाही, ते एकत्र आणण्याचे कारणही द्यावे लागते. 2007 च्या केएसआर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कारण जुन्या दस्तऐवजात शब्दशः सापडलेच पाहिजे असा आग्रह नाकारला. तरी ‘दोन्ही दस्तऐवज एकाच क्षेत्रातले आहेत’ हे कारण माझ्या मते अगदीच तोकडे आहे.

कारण भौतिकशास्त्रातून यावे. एकाच अक्षावर फिरणारा आरसा किरण एका तंतूवरून दूरच्या तंतूकडे नेताना मधल्या तंतूंवरून जातो आणि क्षणभर तिथे नको असलेला प्रकाश शिरतो. दुसरा अक्ष असेल तर किरण आधी बाजूला काढून मग पलीकडे नेता येतो, शिवाय मुद्दाम थोडा तिरका ठेवून तंतूत जाणारी शक्तीही कमी करता येते. ही अडचण आणि असा आरसा दोन्ही पेटंट अर्जाच्या तारखेआधी माहीत होते, आणि तो बसवल्यास यश येईल अशी वाजवी अपेक्षा होती, हे तज्ज्ञाच्या प्रतिज्ञापत्रात आकृतीसह लिहावे. पेटंटधारक कॅपेला फोटोनिक्स विरुद्ध सिस्को या प्रकरणात वादाचा एक कळीचा मुद्दा जुन्या उपकरणात दोन अक्षांचा आरसा बसवण्याचाच होता, आणि मंडळाने सिस्कोचा आक्षेप मान्य केला.

पेटंटधारक व्यावसायिक यश, दीर्घकाळ न भागलेली गरज आणि इतरांचे अपयश पुढे करील. सर्वोच्च न्यायालयाच्या 1966 च्या ग्रॅहम निकालापासून या गोष्टी विचारात घ्याव्याच लागतात. म्हणून ते यश नेमके दाव्यातल्या जुळणीमुळे आले की दाव्यात नसलेल्या सॉफ्टवेअरमुळे, हे अर्ज लिहितानाच तपासून ठेवावे.