लष्करी ओळखपत्राची झेरॉक्स मागितली तर काय करावे?

कुठलंही काम निघालं की आधी दोन-दोन झेरॉक्स काढायच्या, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. घरातलं कुणी अमेरिकेच्या सैन्यात असेल, तर त्याच्या ओळखपत्रापुरती ही सवय आवरा. तिथल्या संघीय कायद्यात, शीर्षक १८च्या कलम ७०१ नुसार, सरकारी ओळखपत्राचा परवानगीशिवाय फोटो काढणं किंवा नक्कल करणं हा गुन्हा आहे. शिक्षा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पहिलं काम म्हणजे ‘कशासाठी?’ हे विचारणं. झेरॉक्सवर सरसकट बंदी आहे असं कित्येक सैनिकही छातीठोकपणे सांगतात, पण ते खरं नाही. संरक्षण खात्याच्या १०००.१३ क्रमांकाच्या सूचनेत काही कामांना मुभा आहे: उपचार, चेक वटवणं, मतदान, कर, सैनिकांना दिवाणी संरक्षण देणारा कायदा (एससीआरए) आणि लष्करी लाभ देण्यासाठीची कामं. त्यामुळे दवाखान्यात विम्यासाठी प्रत मागितली तर हुज्जत घालू नका.

दुकानातल्या सवलतीची गोष्ट वेगळी. तिथे कार्ड दाखवा. दुकानदारानं फोटो, नाव, मुदत पाहिली की काम झालं. कार्ड घेऊन तो मशीनकडे वळला, तर तिथल्या तिथे सांगा, ‘यू कॅन लुक, प्लीज डोन्ट कॉपी.’ तरीही ऐकत नसेल, तर दहा टक्के सवलतीवर पाणी सोडा.

प्रत हवीच म्हणत असेल, तर ड्रायव्हिंग लायसन्स पुढे करा. बदलीमुळे भाड्याचं घर सोडताना एससीआरएखाली लेखी नोटीस आणि बदलीच्या आदेशाची प्रत लागते, कार्डाची नाही. तुम्हीच घरमालक असाल आणि भाडेकरू खरंच सेवेत आहे का हे पाहायचं असेल, तर संरक्षण खात्याच्या एससीआरए संकेतस्थळावर ते मोफत तपासता येतं.

प्रत निघालीच असेल, तर कागद परत मागा, फाईल पुसायला लावा. नाही जमलं तर युनिटच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा.

आणि हो, मोबाईलवर काढलेला फोटो हाही फोटोच. कार्ड हातात पडल्यावर कौतुकानं ते फॅमिली ग्रुपवर टाकायचा मोह होतो. त्यावर मागच्या बाजूला बारकोड आणि दहा आकडी क्रमांक असतो, आणि ग्रुपवरचा फोटो साताऱ्याच्या मावशीकडून कुठे कुठे जाईल, सांगता येत नाही. गणवेशातला फोटो पाठवा, मावशीला तोच जास्त आवडेल.