गच्चीवर हळदकुंकूचं झाड लावा, फुलपाखरं येतातच

मोनार्क फुलपाखरू आपल्याकडे नाही येत, ते अमेरिकेतलं, पण त्याचा चुलतभाऊ प्लेन टायगर नागपुरात भरपूर आहे आणि त्याच्या अळ्यांनाही मोनार्कसारखीच पांढऱ्या चिकाची झाडं खायला लागतात. रुई कुंडीत फार पसरते, म्हणून हळदकुंकूच लावा, लाल-पिवळी फुलं येतात ते. शेंग वाळून फुटायला आली की बिया काढायच्या, कापूस उडवून द्यायचा आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की अर्धा सेंटीमीटर खोल पेरायच्या, माती मोकळी हवी, पाणी साचलं तर मुळं सडतात. मे मध्ये ४५ डिग्रीत मात्र दुपारी ग्रीन नेटखाली ठेवा.

फवारणी अजिबात नको! पिवळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) आला तर पाण्याच्या धारेनं उडवा, पण आधी पानं उलटवून बघा, खाली फुलपाखराचं बारीक पांढरट अंडं असतं. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या ३ जोड्या असलेली अळी पानं खाऊन राहिली ना, तर खाऊ द्या, झाड परत फुटतं. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात लगेच धुवा.